आंग्ल गृहिणींच्या पाकवह्या : मुरंबा, लोणचें व साखर

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें सनदा, महजर, करीने, शकावल्या व राजकारणाचीं पत्रें उभीं राहतात. स्वयंपाकघरांतील तेलाचे डाग पडलेली वही हेंही एक अस्सल साधन आहे असें कोणी म्हटलें तर ऐकणारास ती थट्टा वाटावी. ती थट्टा वाटूं नये इतकें काम आपल्याकडे कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं करून ठेविलें आहे. जिलबीसारख्या पदार्थाचा इतिहास त्यांनीं ग्रंथाधारें लावला व १७ व्या शतकांतील रघुनाथ गणेश नवहस्त याच्या 'भोजनकुतूहला'कडे अभ्यासकांचें लक्ष वेधलें. परंतु 'भोजनकुतूहल' हा पंडिताचा संस्कृत ग्रंथ होय. चुलीपुढें बसणाऱ्या बाईच्या हातचा तो नव्हे. त्याच शतकांत इंग्लंडांत मात्र खात्यापित्या घरांतील बायका आपापल्या पाकवह्या ठेवीत होत्या, आणि त्यांपैकीं कित्येक आज उपलब्ध आहेत. त्यांवरून काय निष्पन्न होतें हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. सर्व आंग्ल पाकशास्त्राचा विचार येथें कर्तव्य नाहीं. टिकाऊ पदार्थ, म्हणजे मुरंबे, लोणचीं व खारवलेलें मांस, एवढाच विषय घेतला आहे. कारण परदेशचा व्यापार, जकाती व श्रमाचे प्रश्न यांचा संबंध याच पदार्थांशीं विशेष येतो.

या वह्यांत कृतीस 'रिसीट' असा शब्द आहे. पुढें तो पैशाच्या पावतीस रूढ झाला. मूळ अर्थ 'मिळालेलें', 'घेतलेलें' असा. कृतींच्या माथ्यावर त्या ज्या बाईकडून मिळाल्या तिचें नांव पुष्कळदां आढळतें, तें या अर्थास धरूनच होय. औषधें व पदार्थ एकाच वहींत असतात : खोकल्याच्या काढ्याशेजारीं फळाचा पाक, आणि त्याच्याशेजारीं शाई करण्याची रीत. साखर ही तेव्हां अर्धीअधिक औषधांतच मोडत असल्यामुळें ही सरमिसळ लिहिणारीस खटकत नसे. कृति करून पाहिल्यावर समासांत 'प्रोबातुम एस्त' असा लॅटिन शेरा मारीत. आपल्या वैद्यांच्या बाडांत 'अनुभूत' म्हणून जो शब्द येतो त्याचाच हा जुळा भाऊ.

एक उदाहरण घेऊं. ॲपल्टन येथील (हें गांव तेव्हां बर्कशायरांत होतें, आज ऑक्सफर्डशायरांत मोडतें) एलिनॉर फेटिप्लेस या जमीनदार घराण्यांतील बाईच्या वहीवर १६०४ हें साल आहे. मुख्य मजकूर लेखनिकाच्या हातचा असून बाईच्या स्वतःच्या टिपा व भर त्यांत आहेत. ही वही वारसाहक्कानें फिरत फिरत हिलरी स्पर्लिंग या लेखिकेच्या सासरच्या कुटुंबांत आली व तिनें ती १९८६ सालीं प्रसिद्ध केली. छापील पुस्तकांपैकीं गर्व्हेस मार्कम याचें 'इंग्लिश हाउसवाइफ' (१६१५) हें प्रसिद्धच आहे. औषधोपचार, पाक, अर्क काढणें, लोंकर, दूधदुभतें, मद्यार्थ धान्य भिजवणें व पाव भाजणें, इतकीं कामें त्यांत गृहिणीच्या माथीं आहेत. लिहिणारा पुरुष खरा, पण मजकूर एका सरदारीण बाईच्या हस्तलिखितांतून घेतल्याचें त्या पुस्तकांतच नमूद आहे. बायकांचें ज्ञान पुरुषांच्या नांवावर छापलें जाण्याचा प्रकार असा जुना आहे.

टिकाऊ पदार्थांची निकड कोणती हें समजण्यास त्या देशाचें ऋतुमान ध्यानांत घेतलें पाहिजे. आपल्याकडे बेगमी करावयाची ती पावसाळ्याची. वैशाखांत लोणचीं, पापड, सांडगे उरकून गृहिणी मृगाची वाट पाहते. तिकडे बेगमी हिंवाळ्याची. जून-जुलईंत गुजबेरी, रासबेरी इत्यादि मऊ फळें, मग प्लम, ऑक्टोबरांत क्विन्स नांवाचें कठीण व तुरट फळ, आणि नोव्हेंबराच्या ११ तारखेस येणाऱ्या संत मार्टिनच्या सणाच्या सुमारास डुकराची कत्तल, असा क्रम असे. मजुराच्या घरीं वर्षाकांठीं एक डुक्कर पोसलें तर त्याच्या खारवलेल्या मांसावर हिंवाळा निघे. विल्यम कॉबेट यानें १८२१-२२ च्या 'कॉटेज इकॉनमी'त या डुकराचें जें माहात्म्य गाइलें आहे आणि चहा व बटाटा यांवर जो राग काढला आहे, त्यांत अतिशयोक्ति असली तरी गरिबाच्या घरांतील भिंतीला टांगलेलें मांस हें त्याच्या स्वातंत्र्याचें माप होतें हें त्याचें म्हणणें खोटें नव्हे.

मांस खारवितांना मिठाबरोबर सोरा चोळीत. सोऱ्यानें मांसास तांबूस रंग येतो व तें नासत नाहीं, हें अनुभवानें ठाऊक होतें. सोऱ्याचें नायट्राइटांत रूपांतर होऊन तें विषारी जंतूंस अटकाव करतें ही उपपत्ति फार पुढची. हा सोरा १८ व्या शतकांत मुख्यत्वें बिहारांतून, पाटण्याच्या वखारीमार्फत, कंपनीच्या गलबतांवरून जाई. तोफेच्या दारूसाठीं म्हणून त्याची जी मोठी खरेदी होई तिचाच एक चिमूट अंश यॉर्कशायरच्या शेतकऱ्याच्या मांसाच्या पिंपांत पडत असे.

याच सोऱ्यावरून ग्रंथकर्तृत्वाचा एक वाद मजेनें रंगला होता; संशोधकांस तो उद्बोधक वाटेल. १७४७ सालीं 'आर्ट ऑफ कुकरी' हें पुस्तक 'एका बाईनें' लिहिलेलें म्हणून निघालें व तें शतकभर खपलें. १७७८ त डिली या पुस्तकविक्याच्या घरीं जेवतांना हें पुस्तक डॉक्टर हिल याचें असल्याचें डिलीनें सांगितलें. डॉ. जॉन्सन तेथें होता. त्यानें तें मानलें नाहीं. या पुस्तकांत सोरा व 'साल प्रुनेला' हे दोन निरनिराळे पदार्थ धरले आहेत. वस्तुतः दुसरा पहिल्यापासूनच होतो. हिलसारख्या रसायन जाणणाऱ्यास हें अज्ञान कसें असेल, असा त्याचा युक्तिवाद. अंतर्गत पुराव्यावरून कर्ता ठरविण्याचा हा उत्तम नमुना होय. मात्र याच जॉन्सननें बायकांस पाकशास्त्रावर चांगलें पुस्तक लिहितां यावयाचें नाहीं असेंही त्याच बैठकींत सुनावलें. न्यूकॅसलच्या पुराणवस्तुसंशोधक मंडळाच्या नियतकालिकांत १९३८ सालीं मॅडलीन होप डॉड्स या विदुषीनें कागदपत्रांच्या आधारें या प्रश्नाचा निकाल लाविला. ग्रंथकर्त्री हॅना ग्लास ही नॉर्थम्बरलंडांतील हेक्सम येथील ऑलगुड घराण्याशीं संबंध असलेली बाई होती.

आतां मुरंब्याकडे वळूं. सकाळच्या न्याहारीस भाजलेल्या पावावर नारिंगाचें मार्मलेड, हें इंग्रजी घराचें अनादि लक्षण आहे अशी समजूत आहे. ती टिकत नाहीं. 'मार्मलेड' हा शब्दच पोर्तुगीज आहे. 'मार्मेलो' म्हणजे क्विन्स. त्याच्या मागें ग्रीक 'मेलिमेलोन', म्हणजे मधुफळ, हा शब्द आहे. लंडनच्या बंदरांतील जकातीच्या वह्यांत १५ व्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगालहून आलेल्या मार्मेलादाचे उल्लेख सांपडतात, आणि १५२४ त एक्सिटरच्या हल नांवाच्या गृहस्थानें आठव्या हेन्री राजास मार्मलेडची एक पेटी नजर केल्याची नोंद आहे. 'पेटी' हा शब्द महत्त्वाचा. तो पदार्थ बरणींतील पातळ नव्हता; सुरीनें वड्या पाडाव्या इतका घट्ट होता, आणि जेवणानंतर पचनासाठीं खात. क्विन्सच्या जागीं कडू नारिंग येण्यास शतक-दीड शतक लागलें. एलायझा चमली हिच्या १६७७ च्या सुमाराच्या वहींत नारिंगाच्या मार्मलेडची कृति आहे; ती वही चेशायरच्या दप्तरखान्यांत आहे. या सर्वाचा साधार इतिहास लीड्स येथील ग्रंथपाल सी. ॲन विल्सन हिनें १९८५ सालीं लिहिला. १७९७ त डंडी येथें कीलर घराण्यानें धंदा सुरू केला. वादळांत सांपडलेल्या स्पॅनिश जहाजावरील नारिंगें घेऊन जॅनेट कीलर हिनें हा पदार्थ शोधून काढला, ही लोकप्रिय कथा वरील वहीपुढें टिकत नाहीं. स्कॉटलंडच्या मेरी राणीच्या दुखण्यावरून मार्मलेड हें नांव पडलें, ही व्युत्पत्ति तर केवळ बाजारगप्प होय. तिच्या जन्मापूर्वीं हा शब्द जकातवाल्यांच्या लेखणींत होता. स्कॉच लोकांचा खरा वांटा एवढाच कीं, जेवणानंतरचा हा पदार्थ त्यांनीं पातळ करून सकाळच्या न्याहारींत आणला.

या ठिकाणीं आपल्या बाजूचा एक धागा जुळतो. पोर्तुगीजांनीं जी घट्ट वडीची विद्या इंग्लंडांत नेली तीच गोव्यांत आणिली. क्विन्स गोव्यांत पिकत नाहीं; तेथें अमेरिकेहून आलेलें पेरूचें फळ हातीं लागलें व त्याची 'पेराद' झाली. ती गोमंतकीय ख्रिस्ती घरांत नाताळास अजून करतात. आपला 'पेरू' हा शब्दही पोर्तुगीज 'पेरा' या शब्दावरूनच आला. म्हणजे डंडीचें मार्मलेड व गोव्याची पेराद ह्या एकाच आईच्या दोन लेकी, एक थंड मुलुखांत दिलेली व एक उष्ण. आपला 'मुरंबा' मात्र दुसऱ्या वाटेनें, अरबी 'मुरब्बा' शब्दाचा हात धरून आला. 'मुरलेला आंबा' ही फोड कानास गोड लागते, पण आवळ्याचा मुरंबा म्हणतांना ती फोड अडते. उंसाची साखर व तींत फळ राखण्याची कला अरबांनींच स्पेनपर्यंत पोंचविली असल्यामुळें दोन्ही वाटा मागें जाऊन एकाच ठिकाणीं मिळतात. पाकाची पारख करण्याच्या खुणाही सारख्याच आहेत. आपल्या एकतारी, दोनतारी पाकाप्रमाणें इंग्रजी हलवाईही तार, फुगा, पीस अशा पायऱ्या मोजीत. फळाइतक्याच वजनाची साखर हें जुनें प्रमाण. त्यानें पाकांतील साखर इतकी दाट होते कीं जंतूंस ओलावाच मिळत नाहीं. भरलेल्या भांड्याच्या तोंडावर ब्रँडींत भिजविलेला कागद, व त्यावर डुकराचा फुगा किंवा कातडें ताणून बांधीत.

लोणच्यांच्या बाबतींत तर ऋण सरळसरळ हिंदुस्थानचें आहे. जॉन ओव्हिंग्टन हा पाद्री १६८९ त सुरतेस आला. त्याच्या १६९६ त छापलेल्या प्रवासवृत्तांत इंग्रजांच्या वखारीच्या पंक्तीचें वर्णन आहे. एक इंग्रज, एक पोर्तुगीज व एक हिंदी असे तीन आचारी तेथें होते, आणि बांबूचें व आंब्याचें लोणचें पानावर नित्य असे. ह्या लोणच्याचीं भांडीं जहाजांतून विलायतेस जाऊं लागलीं. ताजा आंबा तेथें पोंचणें शक्य नव्हतें. पोंचली ती खारांतली कैरी. परिणाम असा झाला कीं, इंग्रज गृहिणीच्या लेखीं 'मँगो' हें फळाचें नांव न राहतां लोणच्याचें नांव झालें! जॉन ईव्हलिन याच्या १६९९ च्या 'ॲसिटारिया' ग्रंथांत 'काकडीचा मँगो' आहे : मोठी काकडी चिरून, बिया काढून, आंत लसूण घालावयाची, मसाल्याच्या कढत शिरक्यांत मुरवावयाची व शेवटीं मोहरी लावावयाची. मोहरीनें भरलेल्या आपल्या लोणच्याशीं याचें नातें सांगावयास नको. पुढें खरबूज, पीच, कांदे या सर्वांचे 'मँगो' झाले, व 'मँगो करणें' असें क्रियापदही झालें. अमेरिकेच्या मध्य भागांत भोपळी मिरचीस 'मँगो' म्हणण्याची चाल २० व्या शतकांतही ऐकूं येई. तिचें मूळ हेंच.

'पिकलीली' ह्या पिवळ्या, हळद-मोहरीच्या लोणच्याचीही हीच कथा. लेडी ॲन ब्लेंको हिच्या १६९४ च्या सुमाराच्या वहींत लॉर्ड किल्मोरीकडून मिळालेली 'लिला' नामक हिंदी लोणच्याची कृति आहे. १७५८ त हॅना ग्लासच्या पुस्तकांत तेंच 'पाको-लिला अथवा हिंदी लोणचें' होऊन येतें. तिच्या १७४७ च्या पहिल्या आवृत्तींत 'हिंदी पद्धतीची करी' आहेच. पण तींत मसाला काय तर मिरीं व भाजलेले धने. हळद व आलें मागाहूनच्या आवृत्त्यांत शिरलीं. हिंदुस्थानांत राहून परतलेल्या कुटुंबांची संख्या जसजशी वाढली तसतशी ही दुरुस्ती झाली असावी असें माझें अनुमान आहे. कादंबरीकर्त्री जेन ऑस्टिन हिची मैत्रीण मार्था लॉइड हिच्या वहींतही करीची कृति आहे, यावरून खेड्यांतील मध्यम स्थितीच्या घरापर्यंत हा प्रवाह पोंचला होता हें दिसतें.

या वह्यांचें कौतुक करतांना त्यांतील एक घातक रीत लपवितां कामा नये. लोणचें हिरवेंगार दिसावें म्हणून शिरका पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यांत उकळावा असें अनेक कृतींत सांगितलें आहे. आपल्या घरांतील म्हातारी हें ऐकून कपाळास हात लावील. कल्हई गेलेल्या भांड्यांत ताक किंवा चिंच घातली कीं पदार्थ कळकतो, हें आपल्याकडे लहान मुलीसही ठाऊक असे. तिकडे तो कळकलेला हिरवा रंगच शोभा ठरला. फ्रेडरिक ॲकम यानें १८२० सालीं भेसळीवर लिहिलेल्या ग्रंथांत अशा लोणच्यानें एका तरुण मुलीस मृत्यु आल्याची हकीकत दिली आहे. १८५१ पासून डॉ. हॅसल यानें 'लॅन्सेट' पत्रांत जी तपासणी छापली तींत बाजारच्या लोणच्यांत तांबें सांपडलें. बाजारानें ही रीत घरांतूनच उचलली होती. तेव्हां 'घरचें तें शुद्ध, बाजारचें तें भेसळीचें' असा सरधोपट निवाडा इतिहासांत चालत नाहीं.

परंतु सर्वांत जड प्रश्न साखरेचा. १७ व्या शतकाच्या मध्यानंतर बार्बाडोस व जमेका या बेटांवर आफ्रिकेहून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमानें साखर पिकूं लागली. १७०० च्या सुमारास इंग्लंडांत माणशीं वर्षाकांठीं सुमारें ४ पौंड साखर खपे, ती १८०० च्या सुमारास १८ पौंड झाली. पाकवह्यांतील मुरंब्यांची वाढती संख्या व ह्या आंकड्यांची चढती कमान यांचा काळ एकच आहे. वहींत मात्र गुलामांचा उल्लेख नाहीं; साखर दुकानांतून आली, एवढेंच वहीला ठाऊक.

१७९१ त विल्बरफोर्स याचें गुलामांचा व्यापार बंद करण्याचें बिल पार्लमेंटानें फेटाळलें, तेव्हां हें मौन मोडलें. विल्यम फॉक्स याच्या पत्रकानें साखर सोडण्याची हांक दिली, आणि क्लार्कसन याच्या अंदाजाप्रमाणें ३ लाख माणसांनीं ती सोडली. पुरुषांस सभा, अर्ज व मतें होतीं. बायकांस मत नव्हतें, पण कपाटाची किल्ली होती. साखर हें हत्यार त्यांच्याच हातांतलें होतें. १८०७ सालीं व्यापार बंद झाला, परंतु बेटांवरील गुलामगिरी चालूच राहिली. १८२४ त लीस्टरच्या एलिझाबेथ हेरिक हिनें हळूहळू नको, तात्काळ मुक्ति द्या, अशी मागणी छापून काढली व घरोघर हिंडून बहिष्काराचा पुरस्कार केला. १८२५ त बर्मिंगहॅम येथें बायकांची स्वतंत्र संस्था निघाली. ज्या घरांस साखर सोडवेना तीं ईस्ट इंडियाची साखर घेत, आणि ही साखर गुलामांनीं केलेली नव्हे असें लिहिलेलीं साखरपात्रें मेजावर ठेवीत. हिंदी साखरेवर १८३६ पर्यंत जकात अधिक होती, तेव्हां हा निर्धार फुकटचा नव्हता. तथापि त्या साखरपात्रावरील मजकूर अगदीं निर्मळ होता असेंही म्हणवत नाहीं. हिंदुस्थानांतही दास्य होतें, आणि कंपनी सरकारच्या न्यायालयांनीं तें मानूं नये असा कायदा १८४३ त व्हावा लागला. जमेकेचें दुःख बर्मिंगहॅमच्या बायकांस दिसलें. बिहारच्या शेतमजुराचें दिसलें नाहीं. १८३३ च्या कायद्यानें गुलाम सुटले आणि २ कोटि पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांस.

घरचा मुरंबा हा गरिबाचा पदार्थ कधींच नव्हता, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. साखर महाग, सरपण महाग, आणि पुष्कळ मजुरांच्या घरीं भट्टीही नसे. एलायझा ॲक्टन हिनें १८४५ त सामग्रीचें वजन व लागणारा वेळ कृतीच्या शेवटीं वेगळा देण्याची सुरेख पद्धत पाडली. १८६१ त मिसेस बीटन हिनें ती उचलली, सामग्री माथ्यावर घेतली व दुसऱ्यांच्या पुष्कळ कृतीही उचलल्या. परंतु हीं दोन्ही पुस्तकें मध्यमवर्गासाठीं होतीं. साखरेवरील जकात इतकी जाचक होती कीं कीलर कंपनीनें ती चुकविण्यासाठीं १८५७ पासून कांहीं वर्षें ग्वेर्न्झी बेटावर कारखाना चालविला. १८७४ सालीं ती जकात उठली, व त्यानंतर कारखान्यांचा स्वस्त जॅम मजुरांच्या मुलांच्या पावावर आला. म्हणजे ज्या वर्गाच्या नांवानें 'आजीच्या हातचा मुरंबा' सांगतात, त्यांतील बहुतेकांच्या आजीनें तो प्रथम दुकानांतूनच आणला.

२० व्या शतकांत फ्लॉरेन्स व्हाइट हिनें १९२८ त इंग्रजी लोकपाकसंशोधनासाठीं एक संघ स्थापिला आणि खेडोपाडीं पत्रें पाठवून कृति गोळा केल्या. ओव्या व लोकगीतें गोळा करणारांची जी पद्धति तीच हिची. १९३२ त तिचा संग्रह निघाला. कृति कागदावर राहिल्या; हातांत त्या पुन्हां आल्या युद्धामुळें. कॅनडांतील स्टोनी क्रीक येथें १८९७ त जन्मलेली 'विमेन्स इन्स्टिट्यूट' ही संस्था १९१५ त वेल्समधील अँगल्सी बेटावर येऊन ब्रिटनभर पसरली होती. १९४० च्या जानेवारींत साखरेवर शिधावांटप लागू झालें. फळबागांचें पीक कुजूं नये म्हणून सरकारनें या संस्थेस साखर दिली, आणि गांवच्या सभागृहांत, शाळेंत, गोठ्यांत चुली पेटल्या. अमेरिकेहून डबे बंद करण्याचीं हातयंत्रें आलीं. १९४० ते १९४५ या काळांत ५,३०० टनांवर फळें अशा रीतीनें राखलीं गेलीं. साखर तोलून मिळे व तिचा हिशेब द्यावा लागे. केलेला मुरंबा करणाऱ्या बायकांच्या घरीं नेण्याचा नव्हता. १९४१ च्या मार्चांत जॅमही शिधापत्रिकेवर आल्यानंतर तो दुकानांत जाई, आणि ज्या बाईनें दिवसभर कढईपुढें उभें राहून तो ढवळला ती आपल्या वांट्याची बरणी आपल्या पत्रिकेवर विकत घेई. साखरेचें शिधावांटप १९५३ च्या सप्टेंबरांत उठलें.